गडी कुणाचे, हिशेब कुणाचा?

बेसबॉलचा सामना मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर कुणी बेसबॉलची बॅट आणलीच, तर आमचे शिपाईमामा तिचा उपयोग धुणे बडवायला करतील. तरीही या अंकासाठी काय लिहावे याचा विचार करू लागले, तेव्हा पुन्हा पुन्हा मनात आला तो बेसबॉलच. त्याला एक कारण माझा आतेभाऊ, आणि दुसरे कारण माझी खो-खोची वही. आधी आतेभावाविषयी सांगते, कारण ते सोपे आहे.

दादा गेली वीस-बावीस वर्षे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँट या गावी असतो. गेल्या दिवाळीत तो आजोळी, म्हणजे आमच्या घरी, आठ दिवस राहायला आला. बरोबर त्याचा सोळा वर्षांचा मुलगा. रात्री जेवणे आटोपली की बापलेक ओसरीवर बसत आणि त्यांचा एकच वाद चाले. संघात कोण ठेवावा, कोण द्यावा, कुणाच्या बदल्यात कोण घ्यावा. "तो आता तेहतिशीला आला, गुडघा गेलाय, भाव आहे तोवर देऊन टाकावा." "पण त्याच्या बदल्यात दोन कोवळे मिळाले पाहिजेत." असे चालले असताना एके रात्री आजीने आतून विचारले, "अरे, इतकं घासाघीस करताय, दात तरी बघितलेत का?"

आजीला वाटले, बैलांचा सौदा चालला आहे! आम्ही पोट धरधरून हसलो. पण हसून झाल्यावर माझ्या मनात आले, आजी फारशी चुकली नव्हती. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. इथे तो आकडेमोड करून ठरतो, एवढाच फरक. आणि बैलाच्या बाजारात निदान सौदा करणारा बैलाचा मालक तरी असतो. ओसरीवरच्या या दोघांचा तर एकही गडी नव्हता!

वाचकांपैकी बहुतेकांना या खेळाची माहिती नसणार, म्हणून थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेत ३० संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्याच्या पटावर एका वेळी साधारणपणे २६ गडी असतात. हा पट सतत हलता असतो. आज इथे असलेला गडी उद्या दोन हजार मैलांवरच्या संघात दिसतो. गड्याला पहिली सुमारे सहा वर्षे एकाच संघाशी बांधून राहावे लागते आणि त्यातली पहिली तीनेक वर्षे पगार किमान दराच्या आसपास असतो. या काळात संघ त्याला विचारल्याशिवाय दुसरीकडे देऊ शकतो. त्यानंतर तो मोकळा होतो आणि जो जास्त देईल त्याच्याकडे जातो. साहजिकच, हिवाळ्यात खेळ बंद असला तरी चाहत्यांचा वाद बंद नसतो.

दादाचा संघ ओकलंडचा, ॲथलेटिक्स. गेल्या पंचवीस वर्षांत 'गड्याचे मोल' या प्रश्नावर ज्या संघामुळे सर्वांत जास्त वाद झाला, तो हाच. २००१ च्या हंगामात या संघाने १०२ सामने जिंकले. पण हंगाम संपताच त्याचे तीन मोठे गडी श्रीमंत संघांनी उचलले. जेसन जिआम्बीला न्यूयॉर्क यांकीजने सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर दिले, जॉनी डेमन बोस्टनला गेला आणि जेसन इसरिंगहाउझन सेंट लुईसला. ओकलंडचा सगळ्या गड्यांचा मिळून वर्षाचा पगार सुमारे ४ कोटी डॉलर, तर यांकीजचा त्याच्या तिपटीहून अधिक. चाहत्यांनी कपाळाला हात लावला.

तेव्हा व्यवस्थापक बिली बीनने ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते असे गडी वेचले. त्यांपैकी एक स्कॉट हॅटेबर्ग. तो मूळचा यष्टिरक्षकासारख्या जागेवरचा गडी, पण कोपराची नस दुखावली आणि फेक गेली. बाजारात त्याला विचारणारे कोण? पण एक गोष्ट त्याला साधली होती. वाईट चेंडूला तो हात लावत नसे. असे चार चेंडू सोडले की फलंदाजाला पहिल्या बेसवर फुकट जायला मिळते. गंमत अशी, की बेसबॉलच्या शंभर वर्षे जुन्या 'फलंदाजीच्या सरासरी'त हे फुकट जाणे धरलेच जात नाही. फटका मारून बेसवर पोहोचलात तर शाबासकी, संयमाने पोहोचलात तर शून्य. २००२ साली हॅटेबर्ग शंभर वेळा उभा राहिला तर सुमारे ३७ वेळा बाद न होता बेसवर पोहोचला. ओकलंडने त्याला नव्या जागेवर खेळायला शिकवले. त्या वर्षी संघाने १०३ सामने जिंकले, म्हणजे यांकीजइतकेच, आणि मध्यंतरी ओळीने २०. ४ सप्टेंबर २००२ चा तो विसावा सामना दादा अजून उभा राहून सांगतो. ओकलंड ११-० ने पुढे होते, कॅन्सस सिटीने ११-११ अशी बरोबरी केली, आणि शेवटी बदली म्हणून आलेल्या हॅटेबर्गने चेंडू थेट मैदानाबाहेर घातला. या हंगामावर मायकेल लुइसने २००३ साली 'मनीबॉल' हे पुस्तक लिहिले. २०११ साली त्यावर चित्रपटही निघाला.

या विचारामागचा मूळ माणूस मला बीनपेक्षाही जवळचा वाटतो. त्याचे नाव बिल जेम्स. कॅन्सस राज्यात डबाबंद बीन्सच्या कारखान्यात तो रात्रपाळीचा पहारेकरी होता. पहारा करता करता त्याने बेसबॉलचे आकडे मांडले आणि १९७७ साली स्वखर्चाने एक पुस्तिका काढली. तिच्या शंभरही प्रती खपल्या नाहीत. तो विचारी ते प्रश्न साधे असत. उदाहरणार्थ, क्षेत्ररक्षकाचा दर्जा त्याच्या चुका मोजून ठरवीत. जेम्सने म्हटले, जो चेंडूपर्यंत पोहोचतच नाही त्याच्या हातून चूक कशी होणार? जो जिवापाड धावून चेंडूला हात लावतो त्याच्याच हातून तो कधीतरी निसटतो, आणि वहीत चूक त्याच्या नावावर पडते. आळशाची वही मात्र कोरी राहते!

हे ऐकले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आता वहीविषयी सांगितलेच पाहिजे.

मी आमच्या मुलींच्या खो-खो संघाची गुणलेखक आहे. मला खेळता येत नाही, पण आकडे आवडतात. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधी कुणाला ठेवायचे आणि कुणाला वगळायचे यावर कॅन्टीनमध्ये जोरदार चर्चा चाले. मी वही उघडून ठामपणे बोले. माझ्या वर्गातली एक मुलगी संघात मधल्या चौकात बसे. तिच्या नावावर सहा सामन्यांत दोनच गडी होते. मी सर्वांसमोर म्हणाले, "सहा सामन्यांत दोन गडी. हिला ठेवून काय लोणचं घालायचंय?" सगळे हसले. ती पाण्याच्या टाकीपाशी उभी होती, हे मला मागाहून कळले. सरांनी माझी वही मागून घेतली. यादी लागली तेव्हा तिचे नाव नव्हते. त्यानंतर ती मैदानावर आली नाही.

दादा हॅटेबर्गची गोष्ट सांगत होता तेव्हा मला ती वही डोळ्यांसमोर दिसत होती. खो-खोत ज्याचा हात पळणाऱ्याला लागतो, गडी त्याच्या नावावर पडतो. पण त्या पळणाऱ्याला खांबाकडे रेटत नेले कुणी? नेमक्या क्षणी खो देऊन त्याची वाट अडवली कुणी? त्याचे नाव माझ्या वहीत कुठेच नव्हते. मधल्या चौकातली मुलगी हेच काम करते. मी तिचे जे काम मोजले ते तिचे नव्हतेच, आणि जे तिचे होते ते मोजलेच नाही. आकडे खोटे नव्हते. प्रश्न चुकीचा होता.

तेव्हा आकड्यांनी माणसाचे मोल करू नये, असे कुणी सरसकट म्हणू लागले तर मला ते पटत नाही. हॅटेबर्गला न्याय दिला तो आकड्यानेच. जुन्या जाणत्यांच्या 'नजरे'ने त्याला भंगारात काढले होते. अर्थात हेही सांगायला हवे, की 'मनीबॉल'च्या गोष्टीतही काही गडी मोजायचे राहून गेले. त्याच २००२ च्या संघात लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला मिगेल तेहादा होता आणि टिम हडसन, मार्क मल्डर, बॅरी झीटो हे तीन अव्वल गोलंदाज होते. चित्रपट पाहून त्यांची आठवण फारशी राहत नाही. दादाचे आणि त्याच्या मुलाचे सर्वांत मोठे भांडण यावरूनच होते. मुलगा म्हणतो, "हॅटेबर्ग नव्हे, तेहादा." मला मुलाचे पटते. पण हे भांडण चांगले आहे. कुणाचे काम नजरेआड राहिले ते शोधण्यासाठी ते चालले आहे.

माझी तक्रार दुसऱ्या भांडणाविषयी आहे. जेम्सच्या मागून जे शास्त्र वाढले त्यात आज प्रत्येक गड्यावर एक आकडा चिकटवला जातो. सहज मिळणाऱ्या एखाद्या बदली गड्याऐवजी हा खेळला म्हणून संघाने किती सामने जास्त जिंकले, तो हा आकडा. इथवर ठीक. पण त्यापुढे त्या विजयांचे डॉलर करतात, त्यातून गड्याचा पगार वजा करतात आणि जे उरेल त्याला गड्याचे खरे मोल म्हणतात. याचा अर्थ काय होतो पाहा. तोच खेळ, तोच घाम, पण ज्याला कमी पगार मिळतो तो गडी 'मोलाचा' आणि ज्याला पुरता मिळतो तो 'ओझे'. मालकाने असा हिशेब करावा, त्याचे ते कामच आहे. पण दोनशे मैलांवरून तिकीट काढून येणारा चाहता हा हिशेब कुणाच्या वतीने करतो? वाचलेले डॉलर काही त्याच्या खिशात येत नाहीत!

मूकी बेट्सचे उदाहरण घ्या. २०१८ साली तो अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी बोस्टनने जगज्जेतेपद मिळवले. फेब्रुवारी २०२० मध्ये बोस्टनने त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकले. चाहत्यांत फूट पडली. एक बाजू रडली. दुसरी बाजू समजावू लागली की कराराचे एकच वर्ष उरले आहे, उद्या तो फुकट जाईल, आज बदल्यात काही मिळते आहे, शिवाय पगारखर्चाची मर्यादा ओलांडल्यास भरावा लागणारा करही वाचेल. युक्तिवाद बिनचूक होता. बेट्सने लॉस एंजेलिसशी १२ वर्षांचा, ३६ कोटी ५० लाख डॉलरचा नवा करार केला आणि त्याच २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तिथे जगज्जेतेपद मिळवले. परिणाम उलटा झाला म्हणून मी त्या युक्तिवादाला नावे ठेवत नाही. मला खटकते ते हे, की आवडता गडी गेल्याचे दुःख करण्याऐवजी माणसे अब्जाधीश मालकाचा कर वाचल्याचा आनंद मानत होती.

आपण यावर हसायचे कारण नाही. २००८ साली मुंबईत आयपीएलसाठी खेळाडूंचा पहिला लिलाव झाला. तेव्हापासून आपल्या वसतिगृहातही 'हा महाग पडला', 'तो स्वस्तात मिळाला' ही भाषा चालते. ज्यांच्या खिशात महिनाअखेरीस चहाचे पैसे नसतात, ती मुले कोटींचा तोटा सोसल्यासारखा चेहरा करून बसतात!

या सौद्यात ज्याला देतात-घेतात त्याला काय वाटते? कर्ट फ्लड या गड्याने ते एकदा सांगितले. सेंट लुईसच्या संघात तो बारा हंगाम खेळला. दोन जगज्जेतेपदे मिळाली, क्षेत्ररक्षणाचा सर्वोच्च पुरस्कार ओळीने सात वर्षे मिळाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला कळले, की आपल्याला फिलाडेल्फियाला दिले आहे. त्या काळी गडी कधीच मोकळा होत नसे. त्याच्यावरचा हक्क जन्मभर संघाचा. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. बारा वर्षे या धंद्यात घालवल्यावर आपण विकत घ्यायची नि विकायची मालमत्ता आहोत असे आपल्याला वाटत नाही, असा त्याचा आशय होता. पगार भरघोस होता. पण पगार मोठा असला म्हणून गुलामी संपत नाही, हे त्या कृष्णवर्णीय गड्याने देशाला ऐकवले. तो न्यायालयात गेला. निवृत्त झालेला जॅकी रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल फ्लडच्या विरुद्ध दिला. त्याची कारकीर्द तोवर संपली होती. पण १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयाने ती जन्मठेप मोडली आणि आज गडी जे काही मिळवतात त्याची वाट फ्लडने पाडली. बेट्सचे ३६ कोटी 'जास्त' आहेत असे म्हणणाऱ्याने फ्लडला शून्य मिळाले होते, हेही वहीत लिहावे.

आणि आता दादाची गोष्ट पुरी करते. त्याचा संघ गडी तयार करी, ते मोठे झाले की देऊन टाकी, आणि दादा दर वेळी आपल्या मुलाला समजावी, की गरीब संघाला हेच शहाणपणाचे. मार्च २०२२ मध्ये मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन एकाच आठवड्यात गेले. त्या वर्षी संघ १०२ सामने हरला, पुढच्या वर्षी ११२. आणि मग चाहत्यांना कळले, की मालकाला संघच दुसरीकडे न्यायचा आहे. १३ जून २०२३ रोजी ओकलंडच्या चाहत्यांनी एक अजब निषेध केला. बहिष्कार टाकून नव्हे, मैदान भरून. संघ विकून टाका, अशी मालकाला आज्ञा देणारा एकच शब्द छापलेले हिरवे सदरे घालून २७ हजारांवर लोक आले. दादा आणि त्याचा मुलगा फ्रीमाँटहून नेहमीच्या आगगाडीने गेले होते. त्या नोव्हेंबरात सर्व संघमालकांनी एकमताने लास व्हेगासला जाण्यास मंजुरी दिली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी, ५७ व्या हंगामाच्या शेवटी, ओकलंडमधला अखेरचा सामना झाला. २०२५ पासून संघ तात्पुरता सॅक्रामेंटोत खेळू लागला.

दादा त्या रात्री ओसरीवर म्हणाला, "वीस वर्षं मी मालकाच्या बाजूनं हिशेब केला गं. कोण परवडतो, कोण नाही. मग त्यानं एक दिवस आमचाच हिशेब केला. आम्हीच परवडत नव्हतो."

यावर मुलगा काही बोलला नाही. आजीही बोलली नाही.

मला वाटते, चाहत्याने वाद जरूर घालावा. वाद नसेल तर खेळ म्हणजे नुसती धावपळ. पण वाद घालताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, आपला आकडा त्या गड्याचे खरे काम मोजतो आहे का? आणि दोन, बोलताना आपण कुणाच्या खुर्चीत बसलो आहोत? प्रेक्षकाची जागा लाकडी बाकावर असली तरी ती आपली आहे. मालकाच्या गादीवर आपण मनानेच बसतो आणि तिथून समोरची माणसे फार लहान दिसतात. आपल्यालाही उद्या कुणीतरी टक्के पाहून, पगार वजा करून मोजणारच आहे. निदान एकमेकांना तरी आपण तसे मोजू नये.

हे सगळे लिहून झाल्यावर मी वहीसह त्या मैत्रिणीकडे गेले. माझी मोजणी कशी चुकली ते जेम्स, हॅटेबर्ग यांच्यासह सविस्तर सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हिशेब चुकला त्याचं काही नाही. तो बरोबर निघाला असता तरी चाललं असतं. तू 'लोणचं' म्हणालीस, ते लागलं."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी माफी मागितली. नव्या वहीत मी 'खो कुणी दिला' असा एक रकाना आखला आहे. ती मैदानावर येते की नाही, ते पाहायचे.